मुलींना शिकवायला बाई आणायची कुठून? : नगरच्या मिशन शाळेची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलताना झालेलं अडखळणं काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आमच्या यवतमाळात, आणि एकूणच विदर्भात, 'कॉन्व्हेंट' या शब्दाचं काय झालंय ते तुम्हाला माहीतच आहे. पोरगं तीन-चार वर्षांचं झालं की "कॉन्व्हेंटला टाकलं" म्हणायचं. ती शाळा कुणाच्या तरी घराच्या तळमजल्यावर असते, नाव एखाद्या देवाचं नाहीतर आजोबांचं असतं, आणि नन सोडा, आसपास चर्चसुद्धा नसतं. कॉन्व्हेंट म्हणजे खरं तर नन एकत्र राहतात ते घर. त्या घराला लागून मुलींची शाळा चालायची, म्हणून शाळेला तेच नाव पडलं. पुढे घासत घासत 'इंग्रजी शाळा' एवढाच अर्थ उरला.

आज आपल्याला त्या शब्दाच्या मागची गोष्ट बघायची आहे. चर्चनं किंवा मिशननं चालवलेली, सरकारच्या मालकीची नसलेली, फक्त मुलींची शाळा. ती महाराष्ट्रात आली कशी, पैसे कोण द्यायचं, आणि त्या पैशाच्या बदल्यात काय मागितलं जायचं? मी यासाठी नगर निवडलंय. आताचं अहिल्यानगर, पण गोष्ट जुन्या काळाची आहे म्हणून मी नगरच म्हणणार. सावित्रीबाई आणि जोतिबा फुल्यांची गोष्ट सुरू होते तेव्हा सगळे भिडेवाड्यापासून सुरू करतात. त्याच्या आधीचा एक थांबा नगरला आहे, आणि तो बरेचदा गाळला जातो.

आधी अडचण समजून घेऊ

1820 च्या सुमाराची मुंबई किंवा पुणे डोळ्यांसमोर आणा. मुलींना शाळेत घालत नसत एवढं आपल्याला पाठ आहे. पण समजा, एखाद्या बापाला वाटलंच की पोरीला शिकवू या. तरी पुढे काय? शाळेत शिकवणार पंतोजी, म्हणजे पुरुष. मुलीचं लग्न आठ-नऊ वर्षांची असताना होणार. लग्न ठरलेली किंवा झालेली मुलगी परक्या पुरुषासमोर बसून शिकणार, हे घरात कुणालाच चालणार नाही. म्हणजे शिकवायला बाई हवी. आणि बाई शिक्षिका व्हायची तर ती आधी मुलगी असताना शिकलेली हवी.

आमच्या कोडिंगच्या भाषेत याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात. अ सुरू व्हायला ब लागतो, ब सुरू व्हायला अ लागतो, आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहतं. अशी गाठ आतून सुटत नाही. बाहेरून काहीतरी आणून तिथे ठेवावं लागतं.

इथे बाहेरून जे आलं, ते मिशन होतं.

अमेरिकन बोर्ड नावाची बोस्टनची एक मिशनरी संस्था होती. तिचे पहिले दोन माणूस, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला पोहोचले. कंपनी सरकारला ते नकोच होते. मिशनरी आले की लोक बिथरतात आणि धंद्याला त्रास होतो, असा सरकारचा हिशेब. त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटनं कंपनीची सनद बदलली, मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये बाजूला ठेवायचं ठरलं. एक लाख, अख्ख्या कंपनीच्या हिंदुस्थानासाठी. त्यातला मुलींच्या शाळेसाठी किती, हे विचारू नका.

या अमेरिकन मिशननं 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. पश्चिम हिंदुस्थानातली अशी पहिली शाळा म्हणून तिचाच उल्लेख होतो. देखरेख मिशनऱ्यांच्या बायका करायच्या. पण त्यांना स्वतःचं घर, लेकरं, आजारपणं, आणि त्या काळात मुंबईची हवा युरोपीय माणसाला फार दिवस टिकू देत नसे. अर्धवेळ देखरेखीवर शाळा वाढेना. म्हणून मुंबईच्या लोकांनी बोस्टनला कळवलं की आम्हाला पूर्णवेळ शिक्षिका पाठवा.

सिंथिया फरार

ती शिक्षिका म्हणजे सिंथिया फरार. न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरोची, जन्म 1795 चा. जून 1827 मध्ये बोस्टनहून जहाजात बसली आणि डिसेंबरच्या अखेरीला मुंबईत उतरली. वय 32, लग्न झालेलं नाही. तेव्हा अमेरिकेतसुद्धा ही गोष्ट सरळ नव्हती. एकटी बाई परदेशात पाठवायची की नाही यावर बोर्डाची चलबिचल होती. तिच्या आधी बेट्सी स्टॉकटन नावाची, गुलामीत जन्मलेली एक कृष्णवर्णीय अविवाहित स्त्री हवाईला गेली होती, पण ती एका मिशनरी कुटुंबाबरोबर. कुणाची बायको नाही, कुणाच्या घरातली मदतनीस नाही, केवळ शिक्षिका म्हणून बोर्डानं परदेशी पाठवलेली पहिली अविवाहित बाई म्हणून फरारचं नाव घेतलं जातं.

मुंबईत तिनं दहा वर्षं काढली. मिशनच्या मुलींच्या शाळा वाढल्या, पोरींची संख्या शेकड्यांत गेली. त्याच मुंबईत स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन (हो, विल्सन कॉलेजवाले) आणि त्यांची बायको मार्गारेट 1829 मध्ये आले. मार्गारेटनं मराठी शिकून मुलींच्या शाळा काढल्या आणि 1835 मध्ये ती वारली. मुंबईत जेमतेम सहा वर्षं मिळाली तिला. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपली सुरुवात 1832 ची आणि तिचीच सांगते. ती शाळा आजही चालू आहे, मुलींचीच आहे.

फरार मात्र टिकली. 1837 मध्ये तब्येतीसाठी मायदेशी गेली, 1839 मध्ये परत आली, आणि या वेळी नगरला. नगरमध्ये मिशन 1831 च्या शेवटी सुरू झालं होतं. तिथे ती जानेवारी 1862 मध्ये मरेपर्यंत राहिली. जवळपास अर्धं आयुष्य अमेरिकेत आणि अर्धं इकडे.

शाळेत काय शिकवायचे? मराठी वाचन, लिहिणं, हिशेब, शिवण, आणि बायबलच्या गोष्टी. शेवटची गोष्ट मी मुद्दाम शेवटी सांगतोय, पण मिशनच्या दृष्टीनं ती पहिली होती. हे लपवण्यात अर्थ नाही. बोस्टनमधल्या चर्चमध्ये बायका जे पैसे जमा करत होत्या, ते नगरच्या पोरींनी त्रैराशिक सोडवावं म्हणून नव्हते. त्यांनी येशूची गोष्ट वाचावी म्हणून होते. पण गोष्ट वाचायची तर आधी अक्षर यायला हवं, आणि इथेच गंमत होते. बाराखडी एकदा आली की ती फक्त एकाच पुस्तकाला लागू पडत नाही.

1848

जोतिराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, 1841 ते 1847. म्हणजे मिशनची शाळा आतून कशी असते ते त्यांना ठाऊक होतं, पण मुलांची. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीला होते. 1848 मध्ये जोतिराव त्यांच्याकडे गेले आणि तिथे फरारबाईच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. त्या बघून प्रभावित झालो, हे त्यांनी स्वतः पुढे सांगितलं आहे. पुण्याला परतले आणि त्याच वर्षी बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली.

आता, सोशल मीडियावर या जागी दोन टोकं दिसतात. एक म्हणतं, बघा, सगळं मिशनऱ्यांनी दिलं. दुसरं म्हणतं, छे, मिशनचा काही संबंधच नाही. मला दोन्ही आळशी वाटतात. जोतिरावांनी तिथून नेमकं काय उचललं आणि काय सोडलं, ते बघा की.

उचललं ते हे: मुलींची वेगळी शाळा, आणि तिच्यात शिकवणारी बाई. ती सर्क्युलर डिपेंडन्सी आठवतेय ना? मिशननं ती सातासमुद्रापलीकडून बाई आणून सोडवली. पण तशा बायका किती आणणार? गल्लीगल्लीत शाळा हवी तर बाई इथलीच हवी. जोतिरावांनी घरातच सावित्रीबाईंना शिकवलं. त्यांच्या चरित्रांत पुढच्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी दोन जागा येतात: नगरला फरारबाईची संस्था, आणि पुण्यात मिचेलबाईंचं नॉर्मल स्कूल. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा, आजचं डीएड म्हणा. सातारा जिल्ह्यातल्या नायगावची, नवव्या वर्षी लग्न झालेली मुलगी सतराव्या वर्षी वर्गासमोर उभी राहिली. मिशनच्या शाळेतून बाहेर पडलेली सगळ्यात मोलाची वस्तू मला विचाराल तर हीच: शिकवण्याचं कसब आलेली इथलीच बाई.

आणि सोडलं काय? धर्म आणि मालक. फुल्यांच्या शाळेत बायबल नव्हतं आणि शाळेचे निर्णय बोस्टनमध्ये होत नव्हते. पुढे शाळा चालवायला जी मंडळी झाली, तिच्यात गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे अशी नावं आहेत. ब्राह्मण मित्र आणि माळी जोतिराव एका कमिटीत. गिटहबवाल्यांना एका शब्दात कळेल: त्यांनी फोर्क केलं. मूळ कोड घेतला, नको ते काढलं, आणि आपल्या नावानं चालवला.

फोर्क केल्यावर मेंटेनन्सचा खर्चही आपलाच असतो, तसंच झालं. भिडेवाड्यातली पहिली शाळा काही महिन्यांतच बंद पडली. 1849 मध्ये वडिलांनी दोघांना घराबाहेर काढलं. सावित्रीबाईंवर शेणमाती फेकली जायची हे आपण पुस्तकात वाचलंय. मिशनच्या बाईवर असं फेकायला लोक दोनदा विचार करायचे, कारण तिच्यामागे गोऱ्यांचं सरकार दिसायचं. सावित्रीबाईंच्या मागे कोण होतं? तरीही जुलै 1851 मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात, सप्टेंबरमध्ये रास्ता पेठेत, मार्च 1852 मध्ये वेताळ पेठेत अशा एकामागून एक तीन शाळा उभ्या राहिल्या. सरकारनं नोव्हेंबर 1852 मध्ये विश्रामबाग वाड्यात जोतिरावांचा सत्कार केला.

हे एकट्या पुण्यात घडत नव्हतं, हेही सांगायला हवं. 1849 मध्ये मुंबईत दादाभाई नौरोजी आणि एल्फिन्स्टनच्या पोरांनी मुलींच्या शाळा काढल्या. त्याच वर्षी कलकत्त्यात बेथून यांची शाळा निघाली, तीही धर्मशिक्षण बाहेर ठेवून. पंचवीस वर्षं मिशन जे करत होतं, ते दोन वर्षांत तीन शहरांत मिशनबाहेरच्या लोकांनी उचललं.

एक निबंध

इथे एक गोष्ट जास्त वेळ थांबून सांगण्यासारखी आहे. नगरच्या मिशननं जून 1842 मध्ये 'ज्ञानोदय' नावाचं नियतकालिक सुरू केलं होतं. 1855 मध्ये त्यात दोन भागांत एक निबंध छापून आला, विषय मांग-महारांचं दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे, मांग समाजातली, वय 14 वर्षं, फुल्यांच्या शाळेची विद्यार्थिनी.

तिनं त्यात पेशवाईत आपल्या लोकांचे जे हाल झाले ते मांडले आणि थेट प्रश्न विचारला: वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता? चौदा वर्षांची मुलगी हे लिहिते, आणि तिला शाळेत येऊन तीनच वर्षं झालेली. मूळ निबंध नेटवर मिळतो, लहान आहे, वाचाच.

आता छापलं कोणी ते बघा. मिशनच्या पेपरनं. हिंदू धर्मावर टीका असेल तर 'ज्ञानोदय'ला ती हवीच होती, एवढं आपण समजू शकतो. पण मुक्ताला शिकवलं ते बायबल नसलेल्या शाळेनं. तिचा आवाज लोकांपर्यंत गेला तो मिशनच्या छापखान्यातून. दोघांचे हेतू वेगळे होते, आणि या एका निबंधापुरते दोघेही कामाला आले. मला तरी यात कुणाला शंभर टक्के श्रेय द्यायची घाई नाही.

पैसे कोण देतं?

याच सुमाराला मिशनच्या शाळांवर वरून कुऱ्हाड आली. अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रुफस अँडरसन 1854-55 मध्ये स्वतः हिंदुस्थानात आले, मुंबई-नगर फिरले, आणि त्यांचं मत असं की मिशननं शाळांवर, विशेषतः इंग्रजी शाळांवर, फार पैसा घालवू नये. प्रवचन आणि मंडळी उभारणं हे खरं काम. नगरची इंग्रजी शाळा बंद झाली. म्हणजे ज्या शाळेवर गाव अवलंबून राहिलं, तिचं भवितव्य हजारो मैलांवरच्या कमिटीनं ठरवलं. ज्यांच्या कंपनीचं हेड ऑफिस बाहेरदेशी आहे, त्यांना ही भावना नवीन नाही.

नेमकं त्याच वेळी, 1854 मध्ये, वुडचा खलिता आला आणि खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. आज आपण ज्याला 'अनुदानित' म्हणतो त्याची मुळं तिथे आहेत. अट साधारण अशी की सरकार धर्मशिक्षणात पडणार नाही. बाकीचं शिक्षण नीट होतं का तेवढं बघणार. मिशनच्या मुलींच्या शाळांना यानं हात दिला. 1868 मध्ये बोस्टनच्या बायकांनी स्वतःचं वेगळं मंडळ काढलं आणि बायका-मुलींच्या कामासाठी पैसा थेट पाठवायला सुरुवात केली. पुरुषांच्या कमिटीनं आखडता हात घेतला म्हणून बायकांनी पाकीटच वेगळं केलं, मला तरी ते असंच दिसतं. नगरला आजही क्लेरा ब्रूस नावाचं मुलींचं हायस्कूल आहे. ते याच अमेरिकन मिशनच्या परंपरेतलं.

आणि शिक्षिकांची टंचाई? ती संपलेली नव्हतीच. 1870 मध्ये पुण्यात सरकारनं बायकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. 1882 मध्ये हंटर कमिशन पुण्याला आलं, तेव्हा पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली: मुलींना शिकवायला बायका हव्यात, तपासायला बायका हव्यात, बायकांना डॉक्टरकी शिकवा. फरार मुंबईत उतरली त्याला 55 वर्षं होत आली होती, आणि प्रश्न तोच होता.

रमाबाई, आणि पुन्हा बोस्टन

रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेजच्या ननकडे गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. मग अमेरिकेत गेल्या. 1887 मध्ये बोस्टनला त्यांच्यासाठी एक असोसिएशन उभी राहिली, जिनं दहा वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं. मार्च 1889 मध्ये मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडलं, विधवांसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. ही शाळा कुठल्या चर्चची नव्हती, पण चालवणारी ख्रिस्ती आणि पैसा अमेरिकेचा. बोली अशी की धर्माची सक्ती नाही, ज्याचा त्याचा आचार पाळू द्यायचा. सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकरांसारखी मोठी माणसं होती.

सक्ती नव्हतीच. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. काही मुली जाऊन बसायला लागल्या. 1893 मध्ये यावरून पुण्यात गदारोळ झाला, सल्लागारांनी राजीनामे दिले, पंचवीसच्या आसपास मुलींना पालकांनी काढून नेलं.

यात कोण बरोबर? रमाबाईंचं म्हणणं, माझ्या खोलीत मी काय करते तो माझा प्रश्न, आणि मुलींना मी बोलावत नाही. पालकांचं म्हणणं, जिच्या हातचं अन्न, जिच्याकडून अक्षरं, जिच्याशिवाय विधवेला जगात कुणी नाही, तिचं उघडं दार हेच बोलावणं आहे. मला दोन्ही बाजू कळतात. फक्त एक गोष्ट खुपते. काढून नेलेल्या त्या पंचवीस जणींना पुढे काय हवं होतं, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

याच शारदा सदनच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. तिनं 1893 मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं आणि ती आनंदीबाई झाली. कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी संस्था सुरू केली आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ. घ्या, दुसरा फोर्क.

आणि आपल्याकडे?

वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाकडे होता. नगरला फरारबाईच्या शाळा भरत होत्या तेव्हा इकडे इंग्रजांचा कारभारच नव्हता. मिशन आपल्याकडे उशिरा आलं, आणि मुलींच्या शाळांच्या बाबतीत ते आलं दुष्काळाबरोबर. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन वाढलं. 1899-1900 चा दुष्काळ तर वऱ्हाडाच्या जिवावरच उठला. आपल्या जिल्ह्याचं नाव तेव्हा वणी जिल्हा होतं, 1905 मध्ये ते यवतमाळ झालं. त्या वर्षांत ठिकठिकाणच्या मिशननी अनाथ पोरी सांभाळल्या, आणि त्या अनाथाश्रमांतूनच बोर्डिंग शाळा झाल्या. नगरला मुलगी शाळेत आणायला घराघरांत विनवण्या कराव्या लागायच्या. दुष्काळात आलेल्या मुलीला परत जायला घरच नव्हतं. शाळा दिसायला सारखी, पण तिथे मुलीचा 'नको' म्हणायचा हक्क किती उरतो, हा 1893 चा प्रश्न इथे आणखी टोकदार होतो.

यवतमाळ शहरात फ्री मेथडिस्ट मिशनचं काम राहिलं, आणि 1953 मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी इथेच सुरू झाली, जी 1983 मध्ये पुण्याला गेली. इथल्या जुन्या लोकांना ती आठवते.

बऱ्याच जणांनी मेसेजमध्ये विचारलं होतं की आज अशा शाळांत प्रार्थना सक्तीची करता येते का. याचं उत्तर राज्यघटनेत आहे. कलम 30 नुसार अल्पसंख्याक समाजाला आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. आणि कलम 28 चा तिसरा भाग सांगतो की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. त्याची स्वतःची संमती हवी, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची. शाळा चर्चची असो, मठाची असो की ट्रस्टची, नियम तोच. तुमच्या धाकट्या बहिणीच्या अॅडमिशनच्या फॉर्मवर सही करताना ती ओळ शोधा.

पुढच्या भागात केडगावच्या छापखान्याबद्दल बोलू. भेटू या!